अंदाजपत्रकाचें यंत्र आणि त्याचा कारभारी

हिशेब दोन प्रकारचे असतात: एक झालेल्या खर्चाचा आणि दुसरा व्हावयाच्या खर्चाचा. पहिला मांडण्याची कला जुनी असून तिच्यावर ग्रंथही पुष्कळ झाले आहेत. दुसऱ्याला पेशवाईच्या दफ्तरांत अजमास म्हणत. आज आपण त्याला अंदाजपत्रक म्हणतों. हा दुसरा हिशेब वहींतून निघून संगणकांत कसा शिरला, आणि तेथें त्यावर स्वतंत्र कारभारी नेमण्याची पाळी मोठमोठ्या कंपन्यांवर कां आली, हें आज वाचकांपुढें ठेवावयाचें आम्हीं योजिलें आहे. विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. परंतु ज्या कुटुंबाचा निर्वाह एखाद्या कंपनीच्या पगारावर चालतो, त्याचें पुढील वर्षाचें भवितव्य याच कोष्टकाच्या एखाद्या घरांत लिहिलेलें असतें, हें ध्यानांत घेतल्यास रुक्षपणा बराच कमी होईल.

१९७८ सालीं डॅन ब्रिकलिन हा अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यापारशाळेंत शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचें कोष्टक मांडीत असतां त्यानें पाहिलें कीं, एक आकडा बदलला म्हणजे त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हां लिहावे लागतात. हें पुसण्याचें काम यंत्राकडे कां देऊं नये, असें त्याच्या मनांत आलें. बॉब फ्रँक्स्टन या मित्राच्या साहाय्यानें रचलेलें त्याचें 'व्हिजिकॅल्क' १९७९ सालीं बाहेर पडलें. त्यामागून १९८३ मध्यें 'लोटस १-२-३' आणि १९८५ मध्यें 'एक्सेल' आलें. एका घरांतील आकडा बदलावा आणि खालची बेरीज क्षणांत बदललेली पाहावी, यांतील मौज ज्यानें ती प्रथम अनुभवली असेल त्यालाच ठाऊक.

पण या सोयीच्या पोटींच एक गैरसोय जन्मास आली. पूर्वी हिशेबाची वही एक असे व ती एकाच्या ताब्यांत असे. आतां प्रत्येक मेजावर एक वही झाली, आणि प्रत्येक वहींत आकड्यांच्या पाठीमागें दडलेलीं सूत्रें. आकडा डोळ्यांना दिसतो. सूत्र दिसत नाहीं.

याचे परिणाम कोठवर जातात हें दोन गोष्टींवरून दिसून येईल. २०१० सालीं कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. राष्ट्राचें कर्ज त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलें कीं त्याची वाढ मंदावते, असा त्याचा मथितार्थ होता, आणि सरकारी खर्च कापूं इच्छिणाऱ्या मुत्सद्द्यांनीं तो उचलून धरला. २०१३ मध्यें मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांतील टॉमस हर्न्डन या विद्यार्थ्यानें मूळ कोष्टक मागवून तपासलें, तों सरासरीचें सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत जावयाचें तें ४४ व्या ओळीशींच थांबलेलें! ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पांच देश त्यामुळें हिशेबांतून गळले होते. निष्कर्ष ढासळण्यास दुसरीं कारणें अधिक जबाबदार होतीं, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे. पण तीन वर्षें ही चूक उघडकीस आली नाहीं, याचें आश्चर्य कमी होत नाहीं.

दुसरी गोष्ट जे. पी. मॉर्गन या पेढीची. २०१२ सालीं तिच्या लंडन येथील व्यवहारांत सहा अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम बुडाली. पुढील वर्षीं पेढीनेंच प्रसिद्ध केलेल्या चौकशीच्या अहवालांत आढळलें कीं, धोका मोजण्याचें नवें गणित एक्सेलच्या अनेक कोष्टकांतून आकडे हातानें उचलून डकवून चालविलें जात होतें. आणि एके ठिकाणीं सरासरीनें भागावयाचें तेथें बेरजेनें भागलें होतें. बुडीत सगळी या भागाकारामुळेंच झाली असें नव्हे. पण चढउतार त्यामुळें निम्मा भासला.

असे बोभाटे होण्याच्या पुष्कळ आधींच कांहीं लोकांनीं उलट वाट धरली होती. आर्बर सॉफ्टवेअर या कंपनीनें १९९२ सालीं 'एसबेस' बाजारांत आणलें. सूत्रें मेजांवरून काढून एका मध्यवर्ती ठिकाणीं ठेवावीं, ही तिची कल्पना. कागदाला लांबी-रुंदी दोनच. येथें एकाच आकड्याला खातें, शाखा, महिना, अंदाज कीं प्रत्यक्ष, मसुदा कीं मंजूर, अशीं अनेक परिमाणें. १९९३ मध्यें एडगर कॉड या थोर संगणकशास्त्रज्ञानें या पद्धतीचें महत्त्व सांगणारा लेख लिहिला. तो आर्बरच्याच आश्रयानें लिहिला गेला होता हें मागाहून कळलें व बरीच कुजबुज झाली. पण कल्पना खोटी नव्हती. १९९८ मध्यें आर्बर व हायपेरियन या कंपन्या एक झाल्या, आणि २००७ सालीं ओरॅकलनें हायपेरियन सुमारें ३.३ अब्ज डॉलरांस विकत घेतली.

सूत्र एके ठिकाणीं आलें, म्हणजे तें सांभाळणारा आला. त्याचे नियम पुस्तकांत थोडे, ठेचांनीं शिकविलेले फार. शाखेच्या मनुष्यास आपल्याच शाखेच्या घरांत लिहितां यावें. मसुदा वर पाठविल्यावर तें दारही बंद व्हावें. मंजूर झालेली आवृत्ति कुलपांत राहावी, आणि दुरुस्ती नव्या आवृत्तींत व्हावी. सूत्र बदलावयाचें तर तें आधीं वेगळ्या प्रतींत बदलून गतवर्षाच्या बेरजांशीं ताडून पाहावें. रिकामें घर आणि शून्य हीं एक नव्हत: रिकाम्या घराला सांठ्यांत जागा लागत नाहीं, शून्याला लागते, आणि हौसेनें भरलेल्या लक्षावधि शून्यांनीं यंत्र मंद होतें.

आमच्या पाहण्यांतील एका कचेरींत नव्या उत्साही कारभाऱ्यानें बंद पडलेल्या शाखेचें नांव यादींतून काढून टाकलें. नांवाबरोबर तिचे मागील तीन वर्षांचे आकडेही गेले, आणि गतवर्षाची विक्री ताळेबंदाशीं जुळेना. अशी शाखा काढावयाची नसते. 'बंद शाखा' या मथळ्याखालीं हलवावयाची असते. दर रविवारीं उतरून ठेवलेली नक्कल होती म्हणून निभावलें. पण ती परत चढविण्याचा प्रयोग पूर्वीं कोणींच केलेला नव्हता, त्यांत दोन रात्री गेल्या.

इतकें करूनही वरिष्ठ अधिकारी आकडे पाहतात ते बहुधा एक्सेलच्याच खिडकींतून. एसबेसची योजनाच मुळीं तशी होती. कोणी एक तें कोष्टक आपल्या यंत्रावर उतरवितो, त्यांत दोन रकाने पदरचे जोडतो, आणि सोमवारच्या सभेंत तोच कागद घेऊन बसतो. कारभारी तेव्हां मागच्या खुर्चीवर बसून त्याची खालची बेरीज आपल्या बेरजेशीं ताडून पाहत असतो.