गोठणगावचा तिबेट

सडक अर्जुनीजवळच्या कोहमारा फाट्यावर मुंबई-कोलकाता महामार्ग सोडला की एक रस्ता नवेगाव बांधमार्गे अर्जुनी मोरगावकडे उतरतो. पुढे गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात धानाच्या बांध्यांपलीकडे एकाएकी रंगीत प्रार्थनापताका फडकताना दिसतात. ही नोर्ग्येलिंग तिबेटी वसाहत. स्थापना १९७२. पंचक्रोशीत तिला आजही ‘तिबेटी कॅम्प’च म्हणतात. पन्नास वर्षे उलटूनही ‘कॅम्प’ हा तात्पुरतेपणाचा शब्द सुटलेला नाही, आणि तो उगाच टिकलेला नाही.

मार्च १९५९ मध्ये ल्हासातील उठाव चिरडला गेला. ३१ मार्चला दलाई लामा भारतात पोहोचले आणि त्यांच्यामागून हजारो कुटुंबे हिमालय ओलांडून आली. आसामातील मिसामारी येथे त्यांच्यासाठी बांबूच्या बराकी उभारण्यात आल्या. पण थंड पठारावरची ही माणसे आसामच्या दमट उष्म्यात आजारी पडू लागली, अनेक दगावली. मग हिमाचल, सिक्कीम अशा थंड प्रदेशांत रस्तेबांधणीच्या कामावर त्यांना धाडण्यात आले. हवा मानवली, पण तंबूतला संसार रस्त्याबरोबर पुढे सरकत राही आणि मुलांची शाळा कुठेच स्थिरावत नसे.

म्हणून नेहरूंनी राज्यांकडे जमीन मागितली. म्हैसूर राज्याने पुढाकार घेतला आणि १९६० मध्ये बैलकुप्पेची वसाहत उभी राहू लागली. पुढे मैनपाट, चंद्रगिरी, मुंडगोड अशा वसाहती झाल्या. महाराष्ट्राची पाळी आली ती वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना. राज्याच्या स्मरणात १९७२ हे साल दुष्काळाचे आहे. त्याच वर्षी तेव्हाच्या भंडारा जिल्ह्याच्या या टोकाला नोर्ग्येलिंग वसले. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी तिबेटी लोकांच्या बोलण्यात ही वसाहत ‘भंडारा’च राहिली. जिल्हा बदलला, पत्त्याची सवय बदलली नाही.

जागेची निवड मात्र विचार करायला लावणारी आहे. तिबेटचे पठार सरासरी चार हजार मीटरहून अधिक उंचीवर. तिथले मुख्य पीक सातू, मुख्य धन याक. इथे जमीन समुद्रसपाटीपासून काहीशे मीटर, मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकणारा, आणि शेती धानाची. पऱ्हे टाकणे, चिखलणी, गुडघाभर पाण्यात वाकून रोवणी, बांधीतले पाणी सांभाळणे यांपैकी काहीच या कुटुंबांच्या पूर्वजांनी केलेले नव्हते. भोवतालचा मुलूख तर पाण्याच्या शहाणपणासाठी प्रसिद्ध! कोहळी समाजाने बांधलेले तलाव, गावोगावच्या बोड्या, आणि गोठणगावाजवळच गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण. मिसामारीत ज्या उष्म्याने माणसे हिरावली, त्याच्याशीच इथे कायमचा संसार मांडायचा होता.

शेजारही एकरंगी नव्हता. गोंड आणि कोहळी गावे होतीच; शिवाय याच तालुक्यात अरुणनगरसारख्या, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्या आहेत. प्रतापगडावर महादेवाची यात्रा भरते आणि तिथेच दर्गाही आहे. त्यात बौद्ध विहाराची भर पडली. परंतु बंगाली निर्वासित आणि तिबेटी यांच्याकडे पाहण्याची सरकारची दृष्टी एक नव्हती. पहिल्यांनी इथलेच व्हावे अशी अपेक्षा होती. दुसऱ्यांनी आपली भाषा, धर्म, शाळा जपून एक दिवस परत जावे, अशी. १९६१ मध्ये केंद्राने तिबेटी मुलांच्या शाळांसाठी स्वतंत्र संस्था स्थापली ती याच धोरणातून. मिसळण्याची सक्ती झाली नाही, ही या धोरणाची मोठी देणगी. पण आपलेपणाचा कागद लांबणीवर पडला, ही तिचीच किंमत.

या संदर्भात वळिवडे आठवावे. कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. शाळा, चर्च सारे उभे केले आणि निघून गेले. तिथे ‘कॅम्प’ हा शब्द खरा ठरला. नोर्ग्येलिंगमध्ये तिसरी पिढी वाढली.

केवळ धानावर घर चालत नाही, म्हणून हंगाम उरकतो न उरकतो तोच घरातली कर्ती माणसे लोकरी कपडे विकायला शहरांत जातात. नागपूरकरांना हिवाळ्याची चाहूल लागते ती या स्वेटरच्या दुकानांनी. त्या महिन्यांत वसाहतीत उरतात प्रामुख्याने म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. शिकलेले तरुण तर हिवाळा सरल्यावरही परतत नाहीत.

२६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती कायद्याने भारतीय नागरिक ठरते. तिबेटी असली तरीही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. २०१४ च्या पुनर्वसन धोरणाने वसाहतींच्या जमिनींना वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची वाट दिली. मात्र २०१७ मध्ये पासपोर्टसाठी अटी आल्या: निर्वासित म्हणून असलेले नोंदणीपत्र परत करावे, आणि तिबेटी वसाहतीत राहू नये. म्हणजे १९७५ साली नोर्ग्येलिंगमध्ये जन्मलेल्या, इथेच रोवणी शिकलेल्या माणसाला कायद्याने जन्मतःच मिळालेले नागरिकत्व वापरायचे, तर आधी नोर्ग्येलिंग सोडावे लागणार.