जुने विमान का बिथरते?

अनेक वर्षे माळ्यावर पडून राहिलेले रेडिओ-नियंत्रित विमान पुन्हा उडविले, की ते नाक वर काढते, एका पंखावर कलते किंवा आज्ञाच मानीत नाही. दोष बहुधा उडविणाऱ्याच्या हाताला दिला जातो. प्रत्यक्षात दरम्यानच्या काळात विमानच बदललेले असते. अशा विमानांचे सुटे भाग आज सहजी मिळत नाहीत. त्यामुळे एका अपघातात ते कायमचे गमावण्याची शक्यता असते. म्हणूनच दोष शोधण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी १९३७ मध्ये रेडिओवर चालणारे प्रतिकृती विमान उडविले. त्यानंतर अनेक दशके बाल्सा लाकडाचा सांगाडा आणि त्यावर कागदाचे वा रेशमाचे आवरण हीच रचना रूढ होती. लाकूड आणि आवरण दोन्ही हवामानानुसार बदलतात.

आधी तोल

जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या जड असत व बहुधा नाकाजवळ बसविल्या जात. त्या जागी हलकी लिथियम बॅटरी बसविली, की गुरुत्वमध्य मागे सरकतो. शेपूट जड झालेले विमान एलिव्हेटरच्या किंचित हालचालीनेही उसळते आणि वेग कमी होताच गिरकी घेत कोसळते. नाक जड असल्यास ते सुस्त होते व उतरताना नाक उचलत नाही. मूळ आराखड्यावरील खूण प्रमाण मानावी. ती नसल्यास पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ टक्के अंतरावर तोल साधून सुरुवात करावी. इंधनाची टाकी मात्र रिकामी असावी.

मग पीळ

विमान मागून पाहिल्यास पंखांतील पीळ दिसतो. संथ वेगात विमान नेहमी एकाच बाजूला कोसळत असेल, तर कारण हेच असते. पंख उष्णतेने तापवून उलट दिशेने पिळावा आणि थंड होईपर्यंत तसाच धरावा.

इंजिन, जोडण्या आणि रेडिओ

इंजिनाचा वेग वाढविताच विमान वर चढत असेल, तर इंजिनाचा आस वॉशर लावून किंचित खाली वळवावा. डावीकडे वळत असेल, तर उजवीकडे. बिजागऱ्या व सर्व्होंचे दाते झिजल्यास विमान सरळ उडत नाही. बॅटरीची ऋण तार आतून काळी पडली असल्यास ती स्विचच्या तारांसह बदलावी. जुन्या सर्व्होंना ४.८ व्होल्ट पुरतात. लिथियम बॅटरी थेट जोडल्यास ते जळू शकतात. उड्डाणापूर्वी रेडिओचा पल्लाही तपासावा.

खान्देशातील ऊन

दोंडाईचासारख्या गावी उन्हाळ्यात पारा ४३ अंशांवर जातो. १५ अंशांच्या तुलनेत तेव्हा हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी कमी असते. हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग त्यामुळे सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो आणि इंजिनाची शक्ती घटते. बंद मोटारीत ठेवलेल्या विमानाचे आवरण ताणले जाऊन पंखांना पीळही पडतो. चाचणी भल्या सकाळी, वारा पडलेला असताना घ्यावी. भुसावळ-सुरत लोहमार्गावरील विजेच्या तारा आणि हंगामात मजुरांनी गजबजलेल्या मिरचीच्या पथारी यांपासून दूर मोकळे शेत निवडावे.

नियम

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५ किलोपर्यंतची, केवळ शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडविली जाणारी विमाने 'मॉडेल' या वर्गात मोडतात. जागा हरित क्षेत्रात आहे का, हे डिजिटल स्काय नकाशावर आधी पाहावे. तेथे सर्वसाधारणपणे ४०० फुटांपर्यंत उड्डाण करता येते.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत नोंदवावा. दोन बदल एकदम केल्यास विमान सुधारले तरी मूळ दोष कोणता होता, हे कळत नाही.