आकाशगंगेचे प्रतल व ध्रुव (मुंबईच्या आकाशासंदर्भात)

आपल्या दीर्घिकेतील, म्हणजे आकाशगंगेतील, बहुतांश तारे, वायू आणि धूळ एका चपट्या तबकडीत सामावलेली आहेत. तबकडीचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे. ताऱ्यांच्या मुख्य थराची जाडी मात्र हजारेक प्रकाशवर्षेच भरते. या जाडीच्या मधोमध कल्पिलेली सपाटी म्हणजे आकाशगंगेचे प्रतल. प्रतलाशी काटकोन करणाऱ्या दोन दिशा आकाशात जिथे रोखतात, ते तिचे उत्तर व दक्षिण ध्रुव. सूर्य केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आणि प्रतलाच्या अगदी लगत आहे. त्यामुळे आपल्याला तबकडी आतून, कडेने दिसते : आकाशाला वळसा घालणारा दुधट पट्टा.

आज वापरात असलेली व्याख्या आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने १९५८ मध्ये ठरवली. तिचा मुख्य आधार हायड्रोजन वायूच्या २१ सेंमी. रेडिओ लहरींची निरीक्षणे हा होता. धूळ तारे झाकते, पण या लहरींना अडवत नाही. या व्याख्येनुसार उत्तर ध्रुव अरुंधती केश तारकासमूहात (विषुवांश १२ ता. ५१ मि., क्रांती सुमारे +२७°) आणि दक्षिण ध्रुव त्याच्या नेमका समोर, शिल्पकार तारकासमूहात येतो. खगोलीय विषुववृत्ताशी प्रतलाचा कोन सुमारे ६३° आहे.

मुंबईचा अक्षांश सुमारे १९° उत्तर. म्हणून गिरगाव, लालबाग किंवा दादरहून पाहताना उत्तर ध्रुव माथ्यापासून अवघ्या ८ अंशांवरून जातो. मेच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास ही स्थिती येते. स्वाती आणि उत्तरा फाल्गुनी यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावरून उत्तरेकडे, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढे (सुमारे १० अंश) सरकावे, तिथे ध्रुव. त्या वेळी दुधट पट्टा चहूबाजूंनी क्षितिजालगत पडलेला असतो. वीज गेली आणि सारे शहर काळोखात बुडाले, तरी मेमधल्या त्या वेळी गिरगाव चौपाटीवरून आकाशगंगा उंचावर दिसणार नाही. दोष सगळा दिव्यांवर टाकताना ही भूमिती सहसा विसरली जाते. उलट धनू राशीतील केंद्राकडचा सर्वांत तेजस्वी भाग मध्यरात्री दक्षिणेस ४२ अंश उंच चढतो तो जूनच्या उत्तरार्धात, म्हणजे पावसाळी ढगांच्या पलीकडे. जानेवारीत निरभ्र रात्री प्रतल माथ्याजवळून जाते खरे, पण ती केंद्राच्या विरुद्ध दिशेची विरळ बाजू.

ध्रुवांकडे तारे व धूळ सर्वांत कमी. त्यामुळे दीर्घिकेबाहेर डोकावायची ही मोकळी दारे आहेत. उत्तर ध्रुवापासून दोनेक अंशांवर हजाराहून अधिक दीर्घिकांचा 'कोमा' गुच्छ आहे. त्यातील दीर्घिकांचे वेग मोजून फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये अदृश्य द्रव्याचा निष्कर्ष काढला. विसाव्या शतकातील खगोलशास्त्राचा एवढा मोठा प्रश्न या दिशेने पुढे आला, हे ध्रुवाचे खरे महत्त्व. दक्षिण ध्रुवाजवळ एनजीसी २५३ ही दीर्घिका आहे. प्रतलाच्या दिशेने मात्र धुळीमुळे दूरच्या दीर्घिका दृश्य प्रकाशात जवळजवळ दिसतच नाहीत.

क्ष-किरणांतही हाच भेद आढळतो. असे किरण टिपण्यासाठी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २८ सप्टेंबर २०१५ रोजी झेपावलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहासाठी क्ष-किरण उपकरणे बांधली. न्यूट्रॉन तारे व कृष्णविवरे असलेल्या, क्ष-किरणांत तेजस्वी जोडताऱ्यांपैकी बरेचसे प्रतलालगत सापडतात. दूरच्या दीर्घिकांचे कमी ऊर्जेचे क्ष-किरण मात्र ध्रुवांच्या दिशेने अधिक सहज पोहोचतात, कारण तिकडे वाटेत हायड्रोजन कमी असतो.

शहरात हा विषय समजून घ्यायला वरळीचे नेहरू तारांगण (१९७७) सोयीचे आहे. प्रत्यक्ष पट्टा पाहायला शहर सोडावेच लागते. शीवचे खगोल मंडळ (१९८५) त्यासाठी कर्जत मार्गावरील वांगणीला रात्रभराची आकाशदर्शने घेत आले आहे. केंद्राकडचा भाग पाहायचा असेल, तर ऑक्टोबरच्या अमावास्येच्या सुमारास अंधार पडताच नैर्ऋत्येला, किंवा मार्चच्या मध्यावर चांदणे नसलेल्या पहाटे आग्नेयेला पाहावे.