कॉम्प्युटरवर सायरन वाजला, नंबर दिसला? फोन करू नका! बोगस ‘टेक सपोर्ट’ कसा ओळखायचा, पैसे गेले तर काय करायचं

लासलगाव : कॉम्प्युटरची स्क्रीन अचानक लाल-निळी होते, सायरन वाजायला लागतो आणि मोठ्या अक्षरांत सूचना येते, ‘व्हायरस सापडला आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ कांद्याच्या खळ्यावरचं ऑफिस असो, कृषी सेवा केंद्र असो की पतसंस्था. ज्या कॉम्प्युटरवर रोजचा हिशोब आणि बँकेचा व्यवहार चालतो, तिथं असं काही दिसलं की माणूस घाबरतो. समोरच्याला नेमकं तेच हवं असतं. मालाचे पैसे आता खात्यावर येतात, त्यामुळे एका फोनमध्ये हंगामाची कमाई जाऊ शकते.

हे आपल्या जिल्ह्यातही घडलंय

ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने इगतपुरीतल्या एका रिसॉर्टमधून चालणारं बेकायदा कॉल सेंटर उघडकीस आणलं. ॲमेझॉनच्या सपोर्ट सेवेतून बोलतोय असं भासवून अमेरिका, कॅनडासह इतर देशांतल्या लोकांना गिफ्ट कार्ड आणि क्रिप्टोकरन्सीच्या मार्गाने लुबाडलं जात होतं, असा सीबीआयचा आरोप आहे. कारवाईत ४४ लॅपटॉप, ७१ मोबाईल आणि सुमारे १ कोटी २० लाखांची रोकड जप्त झाली. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर छापे टाकले होते. तिथून अमेरिकेच्या कर खात्याच्या नावाने धमकावलं जायचं. नाव कोणाचंही घेतलं, तरी आधी घाबरवायचं आणि मग ‘मदत’ करायची, ही पद्धत तीच.

सापळा कसा लावतात?

सुरुवात तीन प्रकारे होते. एक, वर सांगितलेली सायरनची खिडकी. दोन, थेट फोन : ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमधून एरर येतायत.’ तीन, आपणच फसतो. प्रिंटर बिघडला, बँकेचं ॲप अडकलं की आपण गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधतो आणि वर दिसणारा बनावट नंबर लावतो.

पुढे एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा क्विकसपोर्ट डाउनलोड करायला लावतात. ही ॲप्स मुळात वाईट नाहीत, ओळखीचे दुरुस्तीवालेही वापरतात. पण त्यावरचा कोड अनोळखी माणसाला सांगितला की आपला माऊस त्याच्या हातात जातो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं.

मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल-पिवळ्या खुणांची यादी दाखवतात. अशा नोंदी अगदी चांगल्या चालणाऱ्या विंडोज कॉम्प्युटरवरही असतात. त्या व्हायरसच्या नाहीत.

शेवटची चाल ‘रिफंड’ची. ५ हजार परत करतो म्हणतात, स्क्रीनवर ५० हजार जमा झालेले दिसतात. ‘माझी नोकरी जाईल हो, वरचे परत करा,’ म्हणून रडारड. प्रत्यक्षात एक पैसाही आलेला नसतो. बँकेच्या पानावरचा आकडा तेवढा बदललेला असतो. तुम्ही ‘परत’ केलेले ४५ हजार मात्र खरे असतात.

ओळखायचं कसं?

- मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर कधीच नसतो. कंपनी आपणहून फोन करून दुरुस्तीही सुचवत नाही.
- ‘फोन ठेवू नका, घरात कोणाला सांगू नका’ असं म्हटलं की समजा, फसवणूक.
- ओटीपी, यूपीआय पिन किंवा स्क्रीनवरचा कोड मागितला तर बोलणं तिथंच थांबवा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.
- दुरुस्तीचे पैसे गिफ्ट कार्डाने मागितले तर शंकाच नको.

सायरनची खिडकी आली तर

घाबरू नका. बहुतेक वेळा ते फक्त एक वेबपान असतं. एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, मग खिडकी बंद करा. जमलं नाही तर कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तेही जमेना तर पॉवरचं बटण दाबून कॉम्प्युटर बंद करा. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर जुनी पानं उघडू का विचारेल, तेव्हा नाही म्हणा.

कोड दिला, पैसे गेले तर

१. लगेच नेट तोडा. वायफाय बंद करा, केबल काढा.

२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. नंबर पासबुक किंवा कार्डाच्या मागचा घ्या, गुगलवरचा नको. नेट बँकिंग, यूपीआय, कार्ड बंद करायला सांगा.

३. १९३० वर फोन करा. बँक, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळलं तर ते तिथंच रोखता येतात. म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

४. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, जवळच्या पोलीस ठाण्यातही जा. मेसेज, नंबर, स्क्रीनशॉट पुसू नका.

५. पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदला. कॉम्प्युटर ओळखीच्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय त्यावर बँकेचं काम करू नका.

बँकेला कळवण्याची घाई का?

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवलं होतं की, आपणच ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे दोन व्यवहार झाले आणि तिसरा बाकी असेल, तर तो एक फोन मोलाचा. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

तोतयेगिरी करून कॉम्प्युटर वा मोबाईलद्वारे फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. तेव्हा लाजून गप्प बसू नका. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी.

दुकानात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पोराला आणि घरातल्या आजी-आजोबांनाही हे सांगून ठेवा. बँकेचा खरा नंबर आणि १९३० कागदावर लिहून कॉम्प्युटरशेजारी चिकटवा.