औषध मिळाले, पुढे काय?

भारतात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ साली चेन्नईत आढळली. जन्मतः लागण झालेल्या बालकांपैकी सुमारे निम्मी, उपचाराअभावी दोन वर्षांच्या आतच दगावत. १९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार आला. १ एप्रिल २००४ पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह आठ सरकारी केंद्रांत तो मोफत मिळू लागला. २००६ अखेर मुलांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो रुग्णालयांतही आज अशी केंद्रे आहेत.

मुले जगली, मोठी झाली आणि नवाच प्रश्न उभा राहिला. लहानपणी गोळी घरचे देत. तेराव्या-चौदाव्या वर्षी मात्र ‘मला काही होत नाही, मग गोळी कशाला?’ असे वाटू लागते. मित्रांना कळण्याची धास्ती असतेच. पण गोळ्या चुकल्या की रक्तातील औषध कमी पडते आणि विषाणू पुन्हा वाढू लागतो. वाढताना त्याच्या नकलांत चुका होतात. काही नकला औषधाला दाद देईनाशा होतात. मग तेच औषध निरुपयोगी ठरते.

२०१७ चा एचआयव्हीविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. लागणीमुळे शाळाप्रवेश नाकारता येत नाही आणि ही माहिती संमतीशिवाय उघड करता येत नाही. म्हणून एखादा विद्यार्थी औषधासाठी ठरावीक दिवशी रजा मागत असेल, तर आपण त्याचे कारण भर वर्गात विचारू नये. त्या एका प्रश्नाच्या भीतीनेही उपचार सुटू शकतो.