पांढुर्णा-सौंसरचा पंधरा ऑगस्ट

गोमंतकीयांच्या दिनदर्शिकेत स्वातंत्र्याचे दोन दिवस आहेत : १५ ऑगस्ट देशाचा आणि १९ डिसेंबर आपला. एक १९४७ चा, दुसरा १९६१ चा. मधल्या चौदा वर्षांत तिरंगा हाती घेणाऱ्याला येथे तुरुंग ठरलेला होता. स्वातंत्र्याची तारीख आणि नकाशावरील रेषा यांचे असे न जुळणे मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक तालुक्यांनीही अनुभवले आहे, मात्र निराळ्या रीतीने.

पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर, तर सौंसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर. मुलूख संत्र्याचा, घरातली बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची. शाळा, कचेरी आणि न्यायालय यांची भाषा मात्र हिंदी. मोठा बाजार किंवा मोठे रुग्णालय म्हटले की आजही पावले नागपूरकडे वळतात.

याच नागपुरात १ मे १९२३ रोजी झेंडा सत्याग्रह सुरू झाला. मार्चमध्ये जबलपुरात त्याची ठिणगी पडली होती. चरखांकित तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समधून मिरवणूक नेण्यास सरकारने बंदी घातली आणि ती मोडण्यासाठी जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली तुकड्यांमागून तुकड्या निघाल्या. बजाजांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. शेवटी ऑगस्टमध्ये सरकारला मिरवणूक जाऊ द्यावी लागली. आज ध्वजवंदन हा शाळकरी शिस्तीचा भाग वाटतो. त्या प्रांतात तो शंभर वर्षांपूर्वी कारावासाचा विषय होता.

तारखांचाही एक गुंता आहे. १९३० पासून १९४७ पर्यंत देशात ‘स्वातंत्र्यदिन’ पाळला जाई तो २६ जानेवारीला. १५ ऑगस्ट ही तारीख माउंटबॅटन यांनी निवडली. जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वर्धापनदिन होता. (म्हणूनच कोरियाही आपला मुक्तिदिन याच तारखेला साजरा करतो.) पुढे जुन्या स्वातंत्र्यदिनाचा मान राखण्यासाठी १९५० मध्ये राज्यघटना २६ जानेवारीला अमलात आणली गेली. म्हणजे आपला प्रजासत्ताक दिन हा मूळचा स्वातंत्र्यदिनच.

१९४७ मध्ये पांढुर्णा-सौंसर ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ या प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. १९५० मध्ये प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, राजधानी तीच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा आणि त्यातले हे दोन तालुके मागे राहिले. राज्याचे नाव बदलले नाही, राजधानी तेवढी भोपाळला गेली. त्यामुळे १ नोव्हेंबरचा राज्य स्थापना दिन तेथील मराठी माणसासाठी स्थापनेइतकाच ताटातुटीचाही आहे. १९६७ च्या जनमत कौलात आपले भवितव्य स्वतः ठरवणाऱ्या गोमंतकीयांना त्यातला फरक चटकन जाणवेल : या दोन तालुक्यांना कोणी कौल मागितला नव्हता.

१५ ऑगस्टचा दिनक्रम देशभर असतो तसाच. सकाळी प्रभातफेरी, शाळेच्या पटांगणात ध्वजारोहण, मुलांच्या हाती बुंदी किंवा लाडू, आणि गावोगावी ग्रामसभा. जिल्हा मुख्यालयी मुख्य पाहुणे ध्वज चढवतात आणि मुख्यमंत्र्यांचा जनतेला उद्देशून आलेला संदेश वाचून दाखवतात. हा समारंभ पूर्वी छिंदवाड्याला होई. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला आणि २०२४ पासून जिल्ह्याचा झेंडा पांढुर्ण्यात चढू लागला. संदेश अर्थातच हिंदीत. राष्ट्रीय सणाला मातृभाषेची अट नसते हे मान्य; तरीही ज्या मुलुखात आजी नातवाला स्वातंत्र्याची गोष्ट मराठीत सांगते, तेथे व्यासपीठावरून दोन वाक्ये मराठीत आली तर सणाचे काही उणे होणार नाही.

श्रावण सरता सरता या गावात आणखी एक झेंडा उभा राहतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण बांधतात; ते मिळवण्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांवरून दगड सुटतात. ही गोटमार. दरवर्षी अनेक जण जखमी होतात, जीवही गेले आहेत. निशाण शेवटी चंडीमातेच्या देवळात जाते. २०२५ मध्ये ही गोटमार स्वातंत्र्यदिनानंतर अवघ्या आठ दिवसांनी आली. रक्त सांडणाऱ्या परंपरेचे समर्थन करवत नाही. पण परगावी गेलेला पांढुर्णेकर १५ ऑगस्टला नव्हे, पोळ्याला घरी परततो, हेही नाकारता येत नाही.

त्या राज्याचे आणि गोव्याचे एक जुने नातेही आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले सत्याग्रही गोव्याच्या सीमेत शिरले आणि पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक जण मारले गेले. पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे पडलेल्यांत उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ होते. तिरंगा घेऊन पुढे झालेल्या सागरच्या सहोदराबाई राय यांना गोळी लागली. त्या बचावल्या आणि १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेल्या. सागर तेव्हा त्याच मध्य प्रदेशात होते, ज्याची राजधानी नागपूर होती आणि ज्यात पांढुर्णा-सौंसरही होते. पत्रादेवीला आज हुतात्मा स्मारक उभे आहे.