बूटलोडरची दुरुस्ती आणि सांगलीचा पूर्वभाग

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्वभागात, मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या वाटेवर वसलेल्या कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावी संगणक कसा पोहोचला, याचा इतिहास बहुधा प्रशिक्षण केंद्रे, शासकीय योजना आणि दाखले देणारी सेतू केंद्रे यांच्या अंगाने सांगितला जातो. तो संगणक बंद पडल्यावर कोणी आणि कसा सुरू केला, ही त्या इतिहासाची दुसरी बाजू मात्र सहसा नोंदवली जात नाही. लिनक्सच्या बाबतीत ही दुसरी बाजूच निर्णायक ठरली. विनामूल्य मिळणारी, हवी तशी बदलता येणारी आणि जुन्या यंत्रावरही चालणारी ही संगणक-प्रणाली लहान गावांतील घरांत आणि शाळांत अपेक्षेइतकी का रुजली नाही, याचे उत्तर किमतीत सापडत नाही. ते बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत आणि त्या सेकंदांत काही बिघडले तर ते दुरुस्त करण्याचे ज्ञान कोणाकडे होते, या प्रश्नात शोधावे लागते.

त्या सेकंदांत काय घडते, हे आधी पाहणे आवश्यक आहे. आयबीएमने 1981 साली बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकापासून पुढची जवळपास तीन दशके संगणकाच्या पाटावरील बायोस हा छोटा कायमस्वरूपी प्रोग्रॅम प्रथम जागा होई, जोडलेली यंत्रसामग्री तपासे आणि हार्ड डिस्कचा अगदी पहिला, 512 बाइटांचा तुकडा वाचून त्यातील सूचना अमलात आणे. या तुकड्याला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यातील 64 बाइट डिस्कच्या विभागांच्या, म्हणजे पार्टिशनांच्या, नोंदीसाठी आणि शेवटचे दोन बाइट ओळखीच्या खुणेसाठी राखलेले असल्यामुळे प्रत्यक्ष सूचनांसाठी 446 बाइट एवढीच जागा उरते. एवढ्याशा जागेत संपूर्ण प्रणाली सुरू करण्याची बुद्धी मावणे अशक्य असल्याने तिथे पुढच्या टप्प्याचा पत्ता सांगणारा अंश ठेवला जातो, आणि तो अंश व त्याचे पुढचे टप्पे मिळून जो प्रोग्रॅम होतो त्याला बूटलोडर असे नाव आहे. बूटलोडरचे काम एकच, ते म्हणजे कर्नल डिस्कवरून उचलून स्मृतीत आणणे आणि सूत्रे त्याच्या हाती देणे. प्रक्रियक, स्मृती, डिस्क आणि जोडलेली उपकरणे यांच्यावर नियंत्रण ठेवणारा प्रणालीचा गाभा तो कर्नल होय.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 25 ऑगस्ट 1991 रोजी ज्या कर्नलची घोषणा केली, त्याला पहिला सर्वमान्य बूटलोडर 1992 साली वेर्नर आल्मेसबर्गर यांनी दिला. लिलो या नावाने तो ओळखला गेला. लिलोला डिस्कवरील फायलींची रचना समजत नसे. कर्नलची फाइल डिस्कच्या नेमक्या कोणत्या तुकड्यांत आहे, याचा नकाशा तो आधीच करून ठेवी आणि सुरू होताना त्या नकाशाप्रमाणे डोळे मिटून वाचत जाई. याचा परिणाम असा होई की नवा कर्नल बसवल्यानंतर लिलोची आज्ञा पुन्हा चालवायला विसरले, तर नकाशा जुनाच राही आणि संगणक सुरूच होत नसे. लिलो पडद्यावर आपल्या नावाची चार रोमन अक्षरे एकेक करून उमटवी, आणि किती अक्षरे उमटून यंत्र थांबले यावरून बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे जाणकार ओळखत. पहिल्या दोन अक्षरांवर थांबलेले यंत्र ही त्या पिढीतील लिनक्स वापरणाऱ्यांच्या परिचयाची खूण होती. डिस्कच्या रचनेविषयी बायोस आणि लिलो यांच्या समजुतीत तफावत पडणे, हे तिचे नेहमीचे कारण. त्यात बायोसच्या जुन्या पद्धतीला डिस्कच्या पहिल्या 1024 सिलिंडरांपलीकडे पाहता येत नसे, त्यामुळे डिस्क मोठ्या होत गेल्या तसा कर्नल त्या मर्यादेच्या आत ठेवणे हा प्रत्येक नव्या मांडणीचा पहिला नियम बनला.

ही सारी गुंतागुंत महाराष्ट्रात पोहोचली ती मासिकांच्या पानांना चिकटून आलेल्या सीडींतून. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, तेही मोठ्या शहरांत. त्यानंतरही कित्येक वर्षे तालुक्याच्या गावातून जोडणी मिळे ती दूरध्वनीच्या तारेवरून, मोडेमने. ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाने 1996 पासून लिनक्सची सीडी वाचकांना देण्यास सुरुवात केली आणि 2003 साली निघालेल्या ‘लिनक्स फॉर यू’ने ती प्रथा पुढे चालवली. सीडीतून प्रणाली सहज बसे; अडचण येई ती नंतरच्या अद्ययावतीकरणाची. 2001 च्या जानेवारीत आलेल्या 2.4 या कर्नलचा दाबून लहान केलेला मूळ संकेतसुद्धा वीस मेगाबाइटच्या आसपास होता, आणि 56 किलोबिटांच्या मोडेमला तो उतरवून घ्यायला पूर्ण वेग मिळाला तरी पाऊण तास लागला असता. प्रत्यक्षात तो वेग मिळत नसे आणि मध्येच तार तुटे. शिवाय त्या काळात विकले जाणारे अनेक अंतर्गत मोडेम आपले निम्मे काम विंडोजवर सोपवणारे होते आणि लिनक्सखाली ते मुके राहत. परिणामी सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त झालेले कर्नल जगभर निघत असताना ग्रामीण संगणकावर सीडीतून आलेला कर्नल वर्षभर किंवा पुढच्या सीडीपर्यंत तसाच राही. जुन्या कर्नलला केवळ वापरणाऱ्याचा आळस कारणीभूत मानणे, हे म्हणूनच या भागावर अन्याय करणारे आहे.

दुसरी अडचण विजेची होती. 2005 नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसले, आणि लाईट अचानक जाणे हा संगणकाच्या दृष्टीने नुसता खंड नसून इजा होती. लिनक्सच्या एक्स्ट-2 या फाइलरचनेत यंत्र अवेळी बंद पडले की पुढच्या वेळी संपूर्ण डिस्कची तपासणी होई, आणि तपासणीत गंभीर दोष आढळल्यास यंत्र मध्येच थांबून देखभालीसाठी मुख्य वापरकर्त्याचा, म्हणजे रूटचा, सांकेतिक शब्द मागे. प्रत्येक बदलाची आगाऊ नोंद ठेवणारी एक्स्ट-3 ही रचना नोव्हेंबर 2001 मध्ये कर्नलमध्ये आली तेव्हा हा त्रास बराच ओसरला. तरी बूटलोडर ती नोंदवही वाचत नसल्यामुळे कर्नल बदलण्याच्या ऐन वेळी वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली फाइल त्याच्या हाती लागण्याचा धोका उरलाच. वीज असेल तेव्हा कामे उरकायची, या तालुक्याच्या अंगवळणी पडलेल्या शिस्तीत कर्नल बदलण्याचे काम सर्वांत जोखमीचे होते.

तिसरे कारण सामाजिक होते आणि तेच बहुधा सर्वांत मोठे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची 2001 साली स्थापना झाली आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्या-तालुक्यांत संगणकसाक्षरता नेली, हे त्याचे मोठे श्रेय आहे. परंतु त्या साक्षरतेचा पाया विंडोज हाच असल्यामुळे लिनक्स वापरू पाहणाऱ्याला ते विंडोजच्या शेजारी, एकाच डिस्कवर, म्हणजे ‘ड्युअल बूट’ पद्धतीने ठेवावे लागे. विंडोज पुन्हा बसवले की ते मास्टर बूट रेकॉर्ड स्वतःच्या सूचनांनी भरून टाकी, लिनक्स डिस्कवर शाबूत असूनही दिसेनासे होई, आणि ‘लिनक्स उडाले’ असा समज होई. दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेल्या संगणकावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे फॉरमॅट मारणे, अर्थात डिस्क पुसून सर्व काही नव्याने बसवणे. तो उपाय दुकानदाराच्या वेळेच्या हिशेबात बसे, ग्राहकालाही कळे. मात्र त्यात लिनक्सचा विभाग पुसला जाई.

वास्तविक तोपर्यंत दुरुस्तीची पद्धत पुष्कळ सोपी झालेली होती. एरिक बोलेन यांनी 1995 साली ग्नू हर्ड या प्रणालीसाठी लिहिलेला ग्रब हा बूटलोडर 1999 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाचा अधिकृत भाग झाला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने लिलोची जागा घेतली. ग्रबला फाइलरचना वाचता येत असल्यामुळे त्याला आधी केलेल्या नकाशाची गरज नव्हती; ग्रब दाखवतो त्या प्रणालींच्या यादीत चूक असली तरी सुरू होतानाच कर्नलचे नाव हाताने टंकून देता येई. ज्यांनी लिलोच्या काळात रात्री घालवल्या होत्या त्यांना हा बदल किती मोठा वाटला असेल, याची कल्पना करता येते. ग्रबच पुसला गेला असेल, तर उपाय होता तो डिस्कला हात न लावता सीडीवरूनच चालणाऱ्या प्रणालीचा. क्लाउस क्नॉपर यांची क्नॉपिक्स 2000 साली निघाली, आणि ऑक्टोबर 2004 मध्ये अवतरलेल्या उबुंटूने 2011 पर्यंत मागेल त्याला घरपोच सीडी विनामूल्य पाठवली. अशा सीडीवरून यंत्र सुरू करावे, डिस्कवरील लिनक्सचा विभाग जोडून घ्यावा, सीएचरूट या आज्ञेने त्या विभागालाच तात्पुरते मूळ मानून आत शिरावे आणि ग्रब-इन्स्टॉल चालवावे, एवढीच ती कृती. दहा मिनिटांच्या या कामात एकही फाइल पुसावी लागत नाही.

कर्नल बदलण्याच्या कामातही अशीच एक रीत घडत गेली, आणि ती लिनक्सच्या परंपरेतील सर्वांत शहाणी रीत आहे. रेड हॅट या लिनक्स-कंपनीच्या आरपीएम या प्रोग्रॅम बसवण्याच्या पद्धतीत इतर सर्व प्रोग्रॅम जुन्याच्या जागी नवा अशा पद्धतीने अद्ययावत केले जात; कर्नल मात्र जुना न काढता शेजारी नवा बसवावा, असा संकेत होता, कारण नवा न चालल्यास ग्रबच्या यादीतून जुना निवडून यंत्र पुन्हा उभे करता येई. हा संकेत मोडणाऱ्याच्या पदरी ‘कर्नल पॅनिक’ येई, म्हणजे मूळ विभाग सापडत नाही असे सांगून यंत्र गोठे. कर्नलसोबत प्राथमिक चालकांचा जो तात्पुरता संच स्मृतीत चढवावा लागतो, तो नव्याने तयार करायचा राहणे हेही त्याचे एक नेहमीचे कारण. 2007 च्या सुमारास डिस्कांची नावे देण्याची पद्धत बदलली आणि एचडीए नावाची डिस्क नव्या कर्नलला एसडीए या नावाने दिसू लागली, तेव्हा व्यवस्थित चालणारी कित्येक यंत्रे केवळ अद्ययावत केल्यामुळे अडली. नावाऐवजी प्रत्येक विभागाचा न बदलणारा ओळखक्रमांक वापरण्याची प्रथा त्यातून रूढ झाली.

हे ज्ञान पुस्तकांपेक्षा माणसांकडून पसरले. पुण्यातील लिनक्स वापरकर्त्यांचा गट, सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत भरणारा ग्नूनिफाय हा मेळावा आणि कवठे महांकाळच्या दृष्टीने सर्वांत जवळचा असा सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा लिनक्स गट, ही त्याची ठिकाणे. 1947 मध्ये सुरू झालेल्या त्या महाविद्यालयात जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले येतात, आणि एकमेकांच्या यंत्रांवर प्रणाली बसवून देण्याची, बिघडली तर बसून सुधारण्याची रीत अशा गटांतूनच टिकते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठी आवाजात उपलब्ध केले, हे कामही याच परंपरेतले आणि मोलाचे आहे, कारण ऐकून शिकणाऱ्याला आज्ञा रोमन लिपीत टंकताना तिचा हेतू स्वतःच्या भाषेत कळतो.

भाषेचा हा मुद्दा दुरुस्तीशी थेट निगडित आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फाँट रेड हॅटने 2004 मध्ये मुक्त केले, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या बॉस लिनक्सची पहिली आवृत्ती 2007 मध्ये मराठीसह भारतीय भाषा घेऊन आली, ग्नोम आणि केडीई या चित्रमय पटलांची मराठी भाषांतरे स्वयंसेवकांनी केली. म्हणजे प्रणाली नीट सुरू झाली की वापरणाऱ्याला मराठी भेटे. सुरू न झाल्यास मात्र समोर येई तो अक्षरपट, म्हणजे चित्रांविना केवळ अक्षरे दाखवणारा पडदा. त्यावर एका वेळी फार तर 512 आकृत्या मावतात आणि तिथे देवनागरीची जोडाक्षरे रचली जात नाहीत. ग्रबच्या यादीतही ती नीट रचली जात नाहीत. सर्व सुरळीत असताना मातृभाषा आणि संकटात परभाषा, अशी ही विभागणी होती. मराठी माध्यमातून शिकलेला वापरणारा नेमका त्या क्षणी यंत्र घेऊन दुकानाकडे वळला, यात त्याचा दोष नाही.

पुढील दशकात बायोसची जागा यूईएफआय या नव्या व्यवस्थेने घेतली. तीत बूटलोडर 446 बाइटांत कोंबावा न लागता स्वतंत्र विभागात साध्या फाइलीच्या रूपात राहतो, आणि 2012 मध्ये विंडोज-8 बरोबर आलेल्या सिक्युअर बूट या सोयीमुळे केवळ विश्वासार्ह स्वाक्षरी असलेला बूटलोडरच चालू दिला जातो. पुसले जाण्याचा जुना प्रश्न त्यामुळे घटला, पण नवा उभा राहिला. जुलै 2020 मध्ये ग्रबमध्येच बूटहोल नावाची त्रुटी सापडली आणि जुने, स्वाक्षरी असलेले बूटलोडर बाद ठरवण्याची गरज निर्माण झाली. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका अद्ययावतीकरणाने तशी बाद-यादी यंत्रात उतरवली, तेव्हा शेजारी लिनक्स असलेले अनेक संगणक सुरक्षा-धोरणाचा भंग झाल्याचे सांगत अडले. दुरुस्ती अशी होती की सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे, लिनक्स सुरू करावे आणि तिथून ती यादी काढून टाकावी. विंडोजच्या शेजारी राहणाऱ्या लिनक्सची तीस वर्षांपूर्वीची अडचण वेगळ्या रूपात परतली होती.

दरम्यान या तालुक्यात लिनक्स कर्नल घरोघरी पोहोचला आहे, तो अँड्रॉइडच्या फोनांतून. 2016 च्या सातव्या आवृत्तीपासून अँड्रॉइडने प्रणालीच्या दोन प्रती शेजारी ठेवून एकीवर नवे बसवण्याची आणि ते न चालल्यास आपोआप दुसरीकडे परतण्याची सोय दिली. जुना कर्नल शेजारी राखण्याचा संगणकावरील संकेत तिथे यंत्राच्या स्वभावात मुरला. संगणकावरही बदल होत आहेत. 2024 च्या अखेरीस आलेल्या 6.12 या कर्नलमध्ये पॅनिकच्या वेळी पडद्यावर क्यूआर कोड दाखवण्याची सोय आली, ज्यायोगे बंद पडलेल्या संगणकाची तक्रार खिशातील फोन वाचून घेऊ शकतो. त्या कोडातून उलगडणारी नोंद अजून इंग्रजीतच आहे. परंतु ती आता अशा पडद्यावर उलगडते जिथे देवनागरी नीट उमटते आणि भाषांतराची साधने हाताशी आहेत.